पणजोबांच्या वर कोणीच सापडेना, मदत हवी आहे

देवणीचा_वळू:
फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या संकेतस्थळावर तीन रात्री घातल्या. आडनाव, पणजोबांचं नाव, जिल्हा लातूर, सगळं टाकून शून्य निकाल. उस्मानाबाद टाकलं तरी तेच. नेमकं कुठं शोधायचं ते सांगा. 'गावात विचारा' म्हणू नका, विचारून झालंय.

बालाघाट:
तालुका कोणता? जमीन होती का?

देवणीचा_वळू:
उदगीर. होती. त्यानं काय फरक पडतोय?

बालाघाट:
सगळा तिथंच पडलाय. उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होतं. मग उस्मानाबाद, आणि १९८२ पासून लातूर. जिल्हा बीदर टाका. आडनाव काढा. निजामाच्या दप्तरात 'रामजी वल्द खंडू', म्हणजे खंडूचा मुलगा रामजी, एवढंच असायचं.

सात_बारा:
ते संकेतस्थळ सोडा हो. आजच्या गट नंबरावरून जमीन एकत्रीकरणाच्या उताऱ्यात जुना सर्व्हे नंबर काढा. तो घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ च्या खासरा पाहणीची (कोणतं शेत कोणाकडं त्याची नोंद) आणि वारस फेरफारांची नक्कल मागा. फेरफारात मयताचं नाव आणि वारसांची नाती दोन्ही मिळतात. लोक तिथं आजचा गट नंबरच सांगतात आन् दुसऱ्याचीच जमीन हातात येते.

मोडीवाचक:
खासरा फार तर आजोबा-पणजोबांपर्यंत नेईल. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांची वही पाहा, तिथं आलेल्या यात्रेकरूंची घराणी त्यात लिहिलेली असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते कळतं.

सात_बारा:
वहीत नाव कधी येणार? कोणी त्र्यंबकला गेलं असेल तर. जमीन तर जागची हलत नाही.

मराठा_गडी:
जिल्ह्याच्या संकेतस्थळावर कुणबी नोंदी टाकल्यात त्या बघा, प्रमाणपत्राला लागतात.

देवणीचा_वळू:
प्रमाणपत्र कोणी मागितलंय? भावकीच्या कार्यक्रमात वंशवृक्ष लावायचाय.

गुणसूत्र:
डीएनए चाचणी करा, थुंकी पाठवली की झालं.

बालाघाट:
त्यात खापरपणजोबांचं नाव येतं का?

देवणीचा_वळू:
पेटीत एक उर्दू कागद आहे. त्यावर १३४४ आकडा आहे. शके धरलं तर १४२२ साल येतंय, म्हणून बाजूला ठेवला होता.

बालाघाट:
हे आधी कामून नाही सांगितलं? ते फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कारभारातलं साल असणार. ५९० मिळवा, म्हणजे ऑक्टोबर १९३४ पासूनचं वर्ष. महिना वाचून खात्री करा: आजूर, दै, बहमन असेल तर फसली. मोहरम, सफर असेल तर हिजरी, मग साल १९२५-२६.

देवणीचा_वळू:
उर्दू येत असती तर इथं आलो असतो का?

बालाघाट:
फोटो टाका. घडी उलगडून, सरळ वरून, पाठपोट दोन्ही बाजूंचा. शिक्का कापू नका, तालुका त्यातच असतो. 'वल्द'च्या पुढचा शब्द तेवढा जवळून घ्या.

मोडीवाचक:
तोवर त्र्यंबकला जाऊन या.