मदत हवी आहे: आईची मान, ताप आणि 'क्राउन्ड डेन्स सिंड्रोम'

नमस्कार मंडळी,

आई ७४ वर्षांची, सांगलीला असते. बीपीची गोळी चालू आहे, किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.६, म्हणजे वाढलेलं. मागच्या आठवड्यात सकाळी उठली ती मान धरूनच. पडली नाही, धडपडली नाही, जड काही उचललं नाही. मान खालीवर थोडी हलायची, पण बाजूला वळवायची म्हटलं की कळवळायची. संध्याकाळी १०१ ताप.

जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून मणक्यांची झीज सांगितली आणि पट्टा दिला. (या वयात कुणाचाही एक्स-रे काढा, झीज निघतेच.) ताप हटेना, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) १४० आला, म्हणजे खूपच जास्त, म्हणून ॲडमिट केलं. मेंदूज्वराच्या शंकेने पाठीतलं पाणी तपासलं, ते नॉर्मल. ब्लड कल्चरमध्ये काही नाही, अँटिबायोटिकने फरक नाही. शेवटी मानेच्या सीटी स्कॅनमध्ये दिसलं की दुसऱ्या मणक्याच्या वर आलेल्या सुळक्याभोवती कॅल्शियम साठलंय. गुडघ्यात होतो तो स्यूडोगाउट (सांध्यात कॅल्शियमचे स्फटिक साठून येणारी सूज), इथे मानेत; यालाच 'क्राउन्ड डेन्स सिंड्रोम' म्हणतात.

आता कमी डोसमध्ये कोल्चिसिन (अशी सूज उतरवणारं औषध) आणि थोडे दिवस स्टेरॉइड आहे. ताप गेलाय, मान बरीच वळते. पण हे परत होतं का? किडनी अशी असताना कोल्चिसिन चालेल ना? आणि पुन्हा मान धरली तर साधं दुखणं की हेच, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
माझ्या सासऱ्यांना आधी मनगट, मग वर्षभराने मान. म्हणजे परत होऊ शकतं. त्यांना कोल्चिसिनने जुलाब लागले होते, तेवढं लक्ष ठेवा.

प्रतिसाद २
मी डॉक्टर आहे, पण आईंना तपासलेलं नाही, हे धरून वाचा.

मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम पहिल्या दोन मणक्यांमध्ये, त्या सुळक्याभोवतीच होतं. म्हणून वळवतानाच जास्त कळ येते. वय झालेलं, दुखणं अचानक, सोबत ताप आणि सीआरपी चढलेला, असं जुळलं की हा विचार करायचा. साध्या एक्स-रेत ही जागा जबड्याच्या सावलीत जाते, सीटीच लागतो. मात्र ताप आणि मान आखडणं पुन्हा झालं तर 'तेच असेल' म्हणून घरी थांबू नका. जंतुसंसर्ग आधी वगळावाच लागतो. हातापायांत अशक्तपणा, लघवी अडकणं, गुंगी, अचानक भयंकर डोकेदुखी यांपैकी काही असेल तर थेट इमर्जन्सीत.

क्रिएटिनिन वाढलेलं असताना डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. कोल्चिसिनचा डोसही किडनी बघूनच ठरतो. ते चालू असताना कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलं तर आधी सांगा, दोन्ही एकत्र घातक ठरू शकतं. स्फटिक का साठले ते शोधायला रक्तातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासलंय का? बीपीची गोळी नेमकी कोणती?

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे. गोळीत टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन आहे. जुनी फाइल काढली तर गुडघ्याच्या एक्स-रे रिपोर्टमध्ये 'कॉन्ड्रोकॅल्सिनोसिस' लिहिलेलं सापडलं! तेव्हा कुणी त्याबद्दल बोललंच नाही. याचा संबंध असेल का?

प्रतिसाद २
हो, कॉन्ड्रोकॅल्सिनोसिस म्हणजे कूर्चेत कॅल्शियम साठणं; तिथेही तेच स्फटिक साठतात. तो रिपोर्ट फॉलो-अपला न्याच. क्लोरथॅलिडोनने मॅग्नेशियम उतरू शकतं, पण गोळी परस्पर बंद करू नका. तपासणी झाली की बदलायची का ते फिजिशियन ठरवतील. शक्य असेल तर संधिवाततज्ज्ञांनाही एकदा दाखवा.