सी७००० ब्लेड चेसिस: ८ पैकी ४ ब्लेड चालूच होईनात, शिवाय वीज आणि एसीचं गणित हवंय

लॅब_परभणी

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या लॅबसाठी एचपीचं सी७००० चेसिस (अनेक सर्व्हर, म्हणजे ब्लेड, एकत्र बसवायची पेटी) वापरलेलं घेतलंय. आतलं सामान असं:

ब्लेड ८, सगळे बीएल४६०सी जेन८, म्हणजे हाफ-हाइट. वरच्या ओळीत बे (खण) १ ते ८ मध्ये ओळीनं लावलेत. फॅन ६, आले तसेच ठेवलेत: बे ३, ४, ५ आणि ८, ९, १०. पॉवर सप्लाय ४, प्रत्येकी २४०० वॅट, बे १ ते ४ मध्ये. ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे ओए मॉड्यूल (चेसिसवर देखरेख आणि ताबा ठेवणारं) २. मागे इंटरकनेक्ट बे (ब्लेडना बाहेर जोडणाऱ्या मॉड्यूलचे खण) १-२ मध्ये नेटवर्कसाठी व्हर्च्युअल कनेक्ट फ्लेक्स-१० आणि बे ३-४ मध्ये बाहेरच्या स्टोरेजसाठी फायबर चॅनलची मॉड्यूल.

अडचणी:
१) ब्लेड १ ते ४ चालू होतात, ५ ते ८ होईनात. ओए कूलिंगची तक्रार दाखवतो.
२) चालू झालेल्या चारपैकी दोन ब्लेडना स्टोरेज दिसेना. कार्ड तर आहे.
३) खोली १० बाय १२ फूट, उंची १०. दीड टनाचा एक स्प्लिट एसी आहे. १० केव्हीएचा एक ऑनलाइन यूपीएस आहे, १६ बॅटऱ्या, ४२ एएचच्या. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं आणि वीज दिवसातून कधीही जाते. एवढ्यावर भागेल का?

जालना_नेटवर्क

पहिलं कोडं सोपं आहे. फॅन बरोबर जागी आहेत, ब्लेड चुकीच्या जागी आहेत.

सी७००० मध्ये किती फॅन आहेत त्यावर कोणत्या बे वापरता येतात हे ठरतं. ४ फॅन असले तर ते ४, ५, ९, १० मध्ये आणि ब्लेड फक्त १, २, ९, १० मध्ये. ६ फॅन असले तर ३, ४, ५, ८, ९, १० मध्ये आणि ब्लेड १ ते ४ व ९ ते १२. ८ फॅन असले तर १, २, ४, ५, ६, ७, ९, १० मध्ये आणि मग सगळ्या १६ बे मोकळ्या. १० फॅनला अर्थातच सगळ्या जागा. हे आकडे विचित्र वाटतात, पण फॅन मागून मोजायचे आणि ब्लेड समोरून, हे लक्षात घेतलं की उलगडा होतो: मागून उजवीकडचे फॅन म्हणजे समोरून डावीकडचे ब्लेड.

तेव्हा ५ ते ८ मधले चार ब्लेड काढून खालच्या ओळीत ९ ते १२ मध्ये लावा. लावायच्या आधी टॉर्च घेऊन मिडप्लेनच्या (चेसिसच्या मधल्या बोर्डाच्या) कनेक्टरच्या पिना आणि ब्लेडचा मागचा कनेक्टर बघा. वापरलेल्या चेसिसमध्ये वाकलेली एक पिन पूर्ण बे निकामी करते. ब्लेड सरळ आत ढकलायचा, तिरका घालून जोर लावायचा नाही. लिव्हर शेवटच्या अर्ध्या इंचालाच वापरायचा. रिकाम्या झालेल्या प्रत्येक बेमध्ये ब्लँक (खण बंद करणारं झाकण) बसलाच पाहिजे. फॅन, इंटरकनेक्ट आणि पॉवर सप्लायच्या रिकाम्या जागांनाही तेच. सगळे फॅन एकाच पोकळीतून हवा ओढतात, त्यामुळे एक भोक उघडं राहिलं तर हवा तिथूनच सोपी वाट काढते आणि शेजारचा ब्लेड उपाशी राहतो.

जमलं तर आणखी ४ फॅन घ्याच. फॅन वाढले की वीज वाढेल असं वाटतं, होतं उलटं. फॅनचा वेग दुप्पट झाला की लागणारी वीज साधारण ८ पट होते. १० फॅन हळू फिरले की ६ फॅन जोरात फिरण्यापेक्षा कमी खातात, आणि आवाजही उतरतो.

दुसरी अडचण: त्या दोन ब्लेडची झाकणं उघडून फायबर चॅनलचं कार्ड कोणत्या मेझानाइन जागेत (बोर्डावर जादा कार्ड बसवायच्या जागेत) आहे ते बघा. हाफ-हाइट ब्लेडमध्ये जोडणी ठरलेली असते. बोर्डावरचे दोन नेटवर्क पोर्ट बे १ आणि २ ला जातात, मेझानाइन १ चे बे ३ आणि ४ ला, मेझानाइन २ चे ५ ते ८ ला. तुमची फायबर मॉड्यूल ३-४ मध्ये आहेत, म्हणजे कार्ड मेझानाइन १ मध्येच हवं. ते २ मध्ये असेल तर त्याची तार बे ५-६ कडे जाते, तिथे मॉड्यूलच नाही, मग लिंक कुठून येणार? कार्ड हलवा, मॉड्यूल हलवाल तर उरलेल्या ब्लेडची घडी मोडेल.

ब्लेड हलवल्यावर दोन गोष्टी पाठोपाठ करायच्या. ईबीआयपीए, म्हणजे बेनुसार आयएलओला (ब्लेडवर दुरून ताबा ठेवायच्या चिपला) आयपी देण्याची सोय, वापरत असाल तर आयपी बेला चिकटलेला असतो, ब्लेडला नाही. व्हर्च्युअल कनेक्टची सर्व्हर प्रोफाइलही तशीच. ५ ची प्रोफाइल ९ ला नेऊन लावावी लागेल, ती आपोआप मागे येत नाही. आणि वापरलेल्या चेसिसमध्ये आधीच्या मालकाचं व्हर्च्युअल कनेक्टचं डोमेन, म्हणजे जुनी सेटिंग्ज, उरलेलं असेल तर ते पुसून नवीन करा. जुन्यावर डागडुजी करत बसू नका, त्यात कोणता मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) खरा हेच कळत नाही.

अपलिंकचं, म्हणजे बाहेरच्या स्विचकडे जाणाऱ्या जोडणीचं, एक: बे १ आणि बे २ मधल्या मॉड्यूलचे पोर्ट मिळून एक एलएसीपी ट्रंक (अनेक तारांची मिळून एक जोडणी) होत नाही. ट्रंक एका मॉड्यूलच्या आतच. दोन्ही बाजूंना वेगळी अपलिंक द्या आणि ब्लेडच्या दोन पोर्टचं टीमिंग ऑपरेटिंग सिस्टीममध्ये करा.

पॉवर सप्लायही चुकलेत, पण त्यावर लातूरचे भाऊ नीट सांगतील.

वायरमन_लातूर

सांगतो. सी७००० मध्ये पॉवर सप्लाय १, २, ३ एका फीडला (स्वतंत्र वीज लाइनला, तिला ए म्हणू) आणि ४, ५, ६ दुसऱ्या फीडला (बी) द्यायचे असतात. तुमचे १ ते ४ मध्ये आहेत, म्हणजे ए बाजूला तीन आणि बी बाजूला एक. ए गेली की सगळा भार एकट्या २४०० वॅटवर. ३ मधला सप्लाय काढून ५ मध्ये टाका: १, २ आणि ४, ५. मग ओएमध्ये पॉवर मोड ‘एसी रिडंडंट’ करा (इथे एसी म्हणजे लाइनची वीज: एक फीड गेला तरी दुसरा पुरेल). तेव्हा वापरायला २ सप्लाय, म्हणजे ४८०० वॅट धरले जातात. ओए प्रत्येक ब्लेडसाठी वीज आधीच राखून ठेवतो. राखीव पुरत नसेल तर पुढचा ब्लेड चालू करूच देत नाही. तो बिघाड समजू नका.

हे सप्लाय २०० ते २४० व्होल्टचेच आहेत. उन्हाळ्यात गावाच्या टोकाच्या लाइनवर व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, तेव्हा थेट लाइनवर टाकलेला सप्लाय बंद पडणार. केबल सी१९-सी२० लागते. साध्या कॉम्प्युटरची सी१३ बसतच नाही, आणि अडॅप्टर शोधत फिरू नका. पीडीयू (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी) एका बाजूचा पूर्ण भार पेलतील असे, दोन वेगळ्या एमसीबीवर. घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड इथे नकोच नको.

यूपीएस एकच आहे तर ए फीड यूपीएसवर आणि बी फीड सर्व्हो स्टॅबिलायझरमधून लाइनवर. यूपीएस दुरुस्तीला काढला तरी चेसिस चालू राहतं. दोन्ही फीड त्याच यूपीएसवर टाकले तर चार सप्लाय असून उपयोग काय? पण एका बाजूवर पूर्ण भार बसेल असं धरूनच वायर आणि एमसीबी निवडायचे, अर्धा भार धरून नाही.

आता अर्थिंग, कारण आपल्या भागात खरा घोळ इथेच असतो. काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला उत्तम, पण एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते आणि प्लेटपासून सुटते. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा मेमध्ये कामाचा नाही. मुरूम आणि खाली काळा पाषाण असला तर आणखी अवघड, तिथे बोअर घेऊन खोल इलेक्ट्रोड टाकावा लागतो. प्लेटचं अर्थिंग करायचं तर ६०० बाय ६०० मिलिमीटर, तांब्याची ३.१५ मिलिमीटर जाड किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) ६.३ मिलिमीटर. दोन वेगळे खड्डे, वर पाणी घालायला पाइप, आणि उन्हाळ्यात पाणी खरोखर घालायचं. खड्ड्यात बेंटोनाइट भरलं तर ओल धरून राहते. मग चेसिस चालू असताना पीडीयूवर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. २ व्होल्टच्या आत हवं. ५-७ दाखवत असेल तर पुढचं सगळं थांबवून आधी ते शोधा. नाहीतर नेटवर्क पोर्ट कारणाविना मरत राहतील आणि दोष स्विचवर जाईल.

थंडहवा_संभाजीनगर

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी यूपीएसच्या बाजूने हात घातला, पण अडचण दुसरीकडे आहे. तुमची बॅटरी किती टिकते यापेक्षा तुमची खोली किती टिकते ते बघा.

भार धरू: ८ ब्लेड, नियोजनासाठी प्रत्येकी ३०० वॅट, म्हणजे २४००. फॅन, मॉड्यूल, ओए मिळून ६०० धरले की ३ किलोवॅट. खरा आकडा ओएच्या पॉवर पानावर दिसतो, तो आठवडाभर लिहून घ्या आणि माझा आकडा पुसून टाका.

बॅटरी: १६ गुणिले १२ व्होल्ट गुणिले ४२ एएच, म्हणजे ८०६४ वॉट-तास. एवढ्या जोरात उपसल्यावर त्यातले ६० टक्के धरा, ४८०० च्या आसपास. यूपीएसचा स्वतःचा घाटा धरून ३.३ किलोवॅटने भागलं की जवळपास दीड तास. कागदावर छान.

आता खोली. १० बाय १२ बाय १० म्हणजे ३४ घनमीटर हवा. ती १ अंशाने तापवायला साधारण ४१ किलोज्यूल लागतात. ३ किलोवॅट म्हणजे सेकंदाला ३ किलोज्यूल. नुसती हवा धरली तर दर १४ सेकंदांना १ अंश! भिंती आणि रॅक बरीच उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात वेळ जास्त मिळतो, पण तो मिनिटांत मोजायचा, तासात नाही. चेसिसला आत येणाऱ्या हवेची मर्यादा ३५ अंश. वीज गेली, एसी बंद, यूपीएस जोमात: २४ अंशांवरून ३५ ला पोचायला दीड तास लागणार नाही. शिवाय गरम होताच फॅन वेग वाढवतात, त्याने वीज आणि उष्णता दोन्ही वाढतात.

म्हणून: एसी जनरेटरवर हवाच. जनरेटर नसेल तर तापमानावर शटडाउन लावा. आत येणारी हवा ३० अंशांवर गेली की इशारा, ३२ वर कमी महत्त्वाचे ब्लेड नीट बंद, ३४ वर सगळे. दोन-तीन मिनिटांची वीज गेली तर यूपीएस सांभाळेल, त्यासाठीच तो आहे.

एसी: ३ किलोवॅट म्हणजे तासाला १०,२३६ बीटीयू, १२,००० ने भागलं की ०.८५ टन. दीड टन पुरेल असं वाटेल, पण स्प्लिटची क्षमता बाहेर ३५ अंश धरून लिहिलेली असते. ४३ ला ती घटते, वर छताचं ऊन येतं, आणि घरगुती स्प्लिट २४ तास चालवायला बनवलेला नसतो. दीड टनाचे दोन घ्या, टायमरवर आलटूनपालटून. एक बंद पडला तरी दुसरा ओढतो. एसीचा झोत रॅकच्या समोरच्या बाजूला पडला पाहिजे, मागे नाही, आणि मागची गरम हवा वळसा घालून पुढे येऊ नये म्हणून रॅकच्या बाजूच्या फटी पत्र्याने बंद करा. रॅकला काचेचा दरवाजा असेल तर काढून टाका, जाळीचाच हवा.

धुळीसाठी रॅकवर कापड किंवा स्पंज लावू नका, फॅन गुदमरतात. फिल्टर खोलीच्या दाराला आणि खिडकीला. ब्लेड आणि फॅन काढून ब्लोअरने साफ करायचे ते खोलीच्या बाहेर नेऊन, आणि फॅनची पाती बोटाने धरून.

वीजबिल आधीच मुख्याध्यापकांना, चुकलो, प्राचार्यांना सांगून ठेवा: ३ किलोवॅट २४ तास म्हणजे दिवसाला ७२ युनिट, महिन्याला २१६०, एसी धरून ३००० च्या घरात. रात्री लॅब बंद असते तर ५ ब्लेड रात्री बंद ठेवा. चेसिस चालू राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही.

लॅब_परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार. चारही ब्लेड ९ ते १२ मध्ये नेले, लगेच चालू झाले. फायबर कार्ड दोन्ही ब्लेडमध्ये मेझानाइन २ मध्येच निघाली, हलवली, लिंक आली. न्यूट्रल-अर्थ ४.१ व्होल्ट दाखवतंय, उद्या वायरमन बोलावलाय.

दोन शंका उरल्या. वीज परत आली की आठही ब्लेड एकदम उठतात आणि यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारतो. दुसरं, एका ओएवर लेबलवरचा पासवर्ड चालेना.

जालना_नेटवर्क

ओएमध्ये एन्क्लोजर सेटिंग्जखाली ‘डिव्हाइस पॉवर सिक्वेन्स’ आहे. तिथे प्रत्येक बेला सेकंदात विलंब देता येतो. स्टोरेज आणि डोमेन कंट्रोलरचा ब्लेड आधी, नंतर दर ब्लेडला ३० सेकंदांचं अंतर. स्टोरेजचा बाहेरचा डबा उठायला ब्लेडपेक्षा जास्त वेळ घेतो, म्हणून पहिल्या ब्लेडलाही १८० सेकंद द्या, नाहीतर तो रिकाम्या डिस्कवर आपटून थांबून राहतो.

पासवर्ड: आधीच्या मालकाने बदललेला असणार. सिरीयल केबल लावा, ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. ओएचं रिसेट बटन ५ सेकंद दाबून सोडा, येणाऱ्या मेन्यूत लॉस्ट पासवर्डचा पर्याय निवडा. ओए रिसेट केल्याने चालू ब्लेड बंद पडत नाहीत. झाल्यावर दोन्ही ओएंचं फर्मवेअर एकच आहे ना ते बघा, आणि फर्मवेअर अद्ययावत करायचं तर सुरुवात ओएपासून.

आणखी एक, विचारलं नाही तरी सांगतो. ब्लेडमध्ये एचपीईच्या सॅस एसएसडी असतील तर आजच त्यांचे मॉडेल आणि फर्मवेअर बघा. २०१९ च्या नोव्हेंबरात कंपनीने स्वतः जाहीर केलं होतं की काही मॉडेल ३२,७६८ तास चालल्यावर कायमची बंद पडतात, डेटासकट. एचपीडी८ फर्मवेअरमध्ये ते दुरुस्त झालं. ३२,७६८ तास म्हणजे जवळपास ३ वर्षं ९ महिने. एकाच दिवशी चालू केलेल्या दोन डिस्क आरशासारख्या जोडलेल्या असतात आणि एकाच वेळी जातात, त्यामुळे रेड १ वाचवत नाही. जुनं फर्मवेअर निघालं तर आधी बॅकअप, मग अपडेट.