जिटरला 'कंपन' म्हणणं बरोबर आहे का?

वादी_संवादी
एका छोट्या दिवाळी अंकासाठी घरच्या डिजिटल साउंडवर लेख लिहितेय. सीडी प्लेयर आणि बाहेरचा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारं यंत्र) यांच्यामध्ये जिटर, म्हणजे डिजिटल सिग्नलच्या वेळेतली बारीक गडबड, कमी करणारा एक डबा लावायची पद्धत होती, तो काय करतो आणि आज त्याची गरज उरलीये का, असा विषय. मी सगळीकडे 'जिटर' लिहिलं होतं. मुद्रितशोधकांनी सरसकट 'कंपन' केलं आणि डब्याचं नाव 'कंपननिवारक'. आता वाचणारा प्लेयरखाली रबराचे पाय लावत बसणार. तसं कळवलं तर म्हणाले, कोशात थरथर, कंप असंच दिलंय, आणि मराठी अंकात इंग्रजी शब्द शंभर वेळा आलेला बरा दिसत नाही. मला दोन शब्द हवेत, एक दोषासाठी नि एक डब्यासाठी.

तपकीर_गल्ली
कंपन साफ चूक. आम्ही रिपेरिंगवाले "क्लॉक नाचतंय" म्हणतो, क्लॉक म्हणजे सर्किटला ताल देणारं घड्याळ. स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या पडद्यावर) चौकोनी वेव्ह लावली की तिची कड एका जागी उभी राहत नाही, मागेपुढे सरकते. वरखाली हलली तर तो नॉइज, आडवी हलली तर जिटर. म्हणजे गडबड वेळेची आहे. सीडीत सेकंदाला 44,100 सॅम्पल, म्हणजे दर 22.7 मायक्रोसेकंदाला एक आकडा डॅकने व्होल्टेजमध्ये बदलायचा. आकडा अगदी बरोबर आला पण थोडा लवकर किंवा उशिरा बदलला गेला तर निघणारी वेव्ह वाकडी होते. शब्द कुठलाही घ्या ताई, त्यात 'वेळ' आली पाहिजे.

ठेका_दुगुन
मग शब्द आपल्याकडे आधीपासून आहे की! लय हलणे. तबलजीचा हात कच्चा असला की आपण म्हणतोच, "लय हलली". बोल सगळे बरोबर पडतात, धा तिथे धा आणि तिन् तिथे तिन्, पण मात्रा जागेवर पडत नाही. डबा म्हणजे 'लयशोधक'. संगीत ऐकणाऱ्याला एका वाक्यात कळेल.

स्फटिक
नाही पटलं. लय हलली म्हणजे बहुतेक वेळा लय वाढली किंवा पडली असं असतं, विलंबित सुरू केलं आणि वीस मिनिटांनी मध्यलयीत पोचले. तो झाला ड्रिफ्ट. टेलिकॉममध्ये तर हे दोन वेगळे दोष धरतात, 10 हर्ट्झच्या खालचं सावकाश सरकणं म्हणजे वाँडर आणि त्याच्या वरचं म्हणजे जिटर. जिटरमध्ये सरासरी लय पक्की असते, फक्त एकेक मात्रा आपापल्या जागेच्या आसपास चुकते. 'लय हलणे' घेतलंत तर वाचणाऱ्याला वाटेल गाणं जलद होतंय, आणि सूर चढतोय.

ठेका_दुगुन
जलद होण्याला आम्ही "लय पळाली" म्हणतो. हलणं वेगळं, पळणं वेगळं. ज्याने साथ केलीये त्याला विचारा.

मोल्सवर्थप्रेमी
'कालकंप' घ्या. काल आहे, कंप आहे, भूकंपाच्या वळणावर बेतलेला, कुणालाही फोड करता येईल असा शब्द आहे. दोन महिने वापरला की रुळतो. महापौर आणि दिग्दर्शक हे सावरकरांनी दिलेले शब्द, तेव्हा त्यांनाही लोक हसलेच असतील, आज दिग्दर्शकाला डायरेक्टर म्हणणारा मराठी माणूस दुसऱ्या वाक्यात स्वतःच दिग्दर्शक म्हणतो. शब्द घडवायचा आळस आणि मग मराठीत शब्दच नाहीत म्हणून रडायचं, याचा मला खरंच त्रास होतो.

स्फटिक
कालकंप दिसायला छान आहे, अडचण 'कंप'ची आहे. विश्वकोशात फ्रीक्वेन्सीला 'कंप्रता' आहे, व्हायब्रेशनला शाळेपासून 'कंपन' आहे, आता टायमिंगच्या चुकीलाही कंप. एकाच परिच्छेदात "20,000 हर्ट्झ कंप्रतेच्या कंपनावर कालकंपाचा परिणाम" असं लिहून बघा.

मिरजकरीण
आंदोलन? दोलन, आंदोलन, हेलकावा एका घरातलेच. आता आंदोलन म्हटलं की मोर्चा आठवतो पण मूळ झोकाच ना. 'चळवळ'सुद्धा तशीच, आधी नुसती अस्वस्थ हालचाल, मग राजकारणात गेली.

ठेका_दुगुन
आंदोलन अजिबात नको! दरबारी कानड्याचा गंधार आंदोलित असतो आणि तो तसा लागावा म्हणून लोक आयुष्यभर घासतात, ते नाव मशीनच्या दोषाला द्यायचं?

मिरजकरीण
मान्य. मग 'चुळबुळ'. वर्गात मूल जागेवरच असतं, उठून जात नाही, पण स्थिर बसत नाही. स्फटिक म्हणतात तोच अर्थ, सरासरी जागा पक्की. वळवळ, खळबळ, चुळबुळ हा आपल्या भाषेचा खास कारखाना आहे आणि तांत्रिक लिखाणात आपण त्याला हातच लावत नाही, लगेच संस्कृतकडे धावतो. 'खरखर' हा शब्द रेडिओसाठी सगळ्यांनी कुणी न सांगता वापरला ना? 'घड्याळाची चुळबुळ' लिहा, मला तरी पहिल्या झटक्यात कळलं असतं.

वादी_संवादी
चुळबुळ मला आवडला. पण 'चुळबुळनिवारक'?

मोल्सवर्थप्रेमी
निवारक नव्हेच, तो शब्द मुद्रितशोधकांनी विचार न करता टाकलाय. निवारण म्हणजे पूर्ण दूर करणं. हा डबा कमी करतो. पित्तशामक, वेदनाशामक, तसा 'शामक'.

जुनी_तबकडी
शामक म्हणजे तरी शांत करणाराच ना? अग्निशामक दल आग कमी करून परत येत नाही. आणि मुळात डबा काय करतो ते बघून नाव द्या. एसपीडिफच्या (प्लेयर आणि डॅक जोडायच्या नेहमीच्या डिजिटल जोडणीच्या) एकाच तारेतून आकडे आणि त्यांचा ताल एकत्र येतात, पलीकडच्या रिसीव्हरला पीएलएल (आलेल्या तालाशी आपला ताल जुळवून घेणारं सर्किट) लावून त्या सिग्नलच्या कडांवरून ताल शोधून काढावा लागतो. केबल आणि सर्किट कडा बोथट करतात, आणि बोथट कड कुठल्या क्षणाला ओलांडली हे आधीच्या आकड्यांवर अवलंबून राहतं, म्हणजे गाण्यातला डेटाच तालात ढवळाढवळ करतो. डन आणि हॉक्सफर्ड या संशोधकांनी 1992 मध्येच हे मांडलं होतं. त्या सुमारास ऑडिओ अल्केमी कंपनीचा डीटीआय हा असा डबा आला, त्या जातीचे डबे आलेला ताल गाळून पुन्हा पक्का करतात आणि आकडे त्यावर पुढे सोडतात, काही डब्यांत आकडे मेमरीत थांबवून नव्या क्रिस्टलवर (पक्का ताल देणाऱ्या स्फटिकावर) सोडायची सोय असायची. म्हणून 'तालशोधक' किंवा 'पुनर्ताल'. मी असा डबा कित्येक वर्षं वापरला, झांजा आणि तंबोऱ्याच्या वरच्या बाजूला फरक पडायचा असं मला आजही वाटतं.

तपकीर_गल्ली
पण डब्यातून डॅकला परत तीच एसपीडिफची तार जाते, तिकडे परत पीएलएल. धुतलेलं परत मळतंच थोडं. असिंक्रोनस यूएसबीने मूळ दुखणं काढलं, तिथे डॅकचा क्रिस्टल मालक आणि कॉम्प्युटर त्याच्या मागणीप्रमाणे आकडे देतो. आज नवीन डॅक घेणाऱ्याला डब्याचा खर्च करायला सांगू नये, लेखात हे ठळक लिहा. जुना सीडी ट्रान्सपोर्ट (सीडी वाचून नुसते आकडे बाहेर देणारा प्लेयर) आणि जुना डॅक असेल तरच विचार करा.

स्फटिक
ऐकू किती येतं हेही लिहा. 16 बिटच्या हिशोबाने 20 किलोहर्ट्झला साधारण 121 पिकोसेकंदाच्या आत राहायला हवं, जाहिरातींमध्ये हाच आकडा फिरतो. पण 1998 ची बेंजामिन आणि गॅनन यांची चाचणी बघा, शुद्ध सुरावर 10 नॅनोसेकंदाच्या (एक नॅनो म्हणजे हजार पिको) आसपास आणि संगीतावर 30 ते 300 नॅनोसेकंद झाल्यावर लोकांना कळलं. 2005 च्या जपानमधल्या चाचणीत रँडम जिटर काही शे नॅनोसेकंद झाल्याशिवाय सरावलेल्या कानांनाही कळला नाही. म्हणजे ठीकठाक मशीनमध्ये आहे त्यापेक्षा शेकडो पट जास्त. तेव्हा 'दोष' या शब्दालाही माझी हरकत आहे, 'विचलन' म्हणा.

जुनी_तबकडी
चाचणीतलं ऐकणं आणि घरी रोज तीच रेकॉर्ड ऐकणं यात फरक आहे. मला आवाजाची जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेत असतो तो झणकार, बंद झाल्यासारखी वाटायची आणि डब्याने ती थोडी उघडायची, मिरजकरीण ताईंना हा शब्द कळेल.

मिरजकरीण
कळला, आणि डिजिटल आवाजासाठी तो वापरावा असं मलाही वाटतं. फक्त आमच्याकडे बंद जवारी हा दोष नाही, काही गायक मुद्दाम तशीच लावून घेतात, आवाज गोल येतो. तुम्हाला कोरडा म्हणायचं होतं बहुतेक.

जुनी_तबकडी
कोरडा नाही, आस कमी, स्वरामागे रेंगाळणारा नाद.

मोल्सवर्थप्रेमी
आणखी एक खटकलं. स्फटिक, तुम्ही "जिटर कळला नाही" लिहिलंत. ते जिटर ना? परका शब्द घ्यायचाच तर लिंग तरी नीट द्या.

स्फटिक
तो जिटर. मीटर तो, फिल्टर तो, हीटर तो.

मिरजकरीण
पोस्टर ते, शटर ते.

तपकीर_गल्ली
मोटर ती आणि स्कूटरपण ती. शेवट 'टर' आहे यावरून काही ठरत नाही साहेब, दुकानात आम्ही "जिटर आलाय" म्हणतो.

मोल्सवर्थप्रेमी
आलाय म्हणता कारण मनात 'दोष' आहे आणि दोष पुल्लिंगी. 'विचलन' म्हटलं की आपोआप ते होईल.

ठेका_दुगुन
आणि लय म्हटलं असतंत तर ती. मी अजून 'लय हलणे'वरच आहे.