चयापचय मंदावलेल्या आईचे जेवण: गावात मिळणाऱ्या अन्नातून काय बदलावे?

दिग्रसकर (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची असून यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी राहते. तिला बऱ्याच वर्षांपासून थायरॉइड कमी असण्याचा आजार आहे आणि सध्या ती ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. गोळी चालू असूनही मागच्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) ९ च्या वर आला. दिवसभर अंग जड वाटणे, पोट साफ न होणे, कार्तिकातच हुडहुडी भरणे, केस गळणे या तिच्या नेहमीच्या तक्रारी आहेत. वजन ६४ किलो आहे आणि ती इतके कमी जेवत असूनही ते हलत नाही, ही तिची सर्वांत मोठी खंत आहे.

तिचा दिवस असा असतो. पहाटे उठून ती चहाबरोबर गोळी घेते. उपकेंद्रातून मिळालेली कॅल्शियमची गोळीही लक्षात राहावी म्हणून त्याच वेळी घेते. वेचणीच्या दिवसांत सकाळी काही न खाता वावरात जाते, दुपारी शिदोरीतील एक भाकर आणि भाजी खाते, रात्री एक भाकर आणि थोडे वरण घेते. ती माळकरी असल्यामुळे अंडी-मांस घरात चालत नाही. दोन्ही एकादशा आणि सोमवार ती साबुदाण्यावर काढते.

नातेवाइकांचे सल्ले तर थांबतच नाहीत. एकाने ज्वारी बंद करायला सांगितली, दुसऱ्याने पत्ताकोबी आणि फुलकोबी, तिसऱ्याने साधे मीठ बंद करून सैंधव सुरू करायला लावले. घरचे सोयाबीन असल्याने गव्हात सोयाबीन दळून आणण्याची आमची पद्धत आहे; तेही विष आहे असे आता कोणी म्हणते. मोबाइलवर जे आहार-तक्ते येतात त्यांतील ओट्स, ब्रोकोली वगैरे आमच्या आठवडी बाजारात मिळत नाही आणि मिळाले तरी आई खाणार नाही. तिच्या ताटात जे आहे त्यातच काय कमी-जास्त करावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

निवृत्त परिचारिका, वर्धा जिल्हा

ताई, ताटाकडे वळण्यापूर्वी गोळीकडे पाहा, कारण तुम्ही लिहिलेल्या दिनक्रमात आईची गोळी पोटात जाते खरी, पण तिचा मोठा भाग रक्तात पोहोचतच नसावा. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची असते आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहासुद्धा घ्यायचा नसतो. कॅल्शियम आणि लोह या दोन्ही गोळ्या तिला आतड्यात बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर लागते. आईने कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर घ्यावे. पहाटेचा चहा सुटणे बायकांना किती जड जाते हे मी नोकरीत पाहिले आहे. तो सुटत नसेल तर डॉक्टरांना विचारून थायरॉइडची गोळी रात्री झोपताना घेता येते, मात्र तेव्हा शेवटच्या जेवणाला तीन तास झालेले असावेत आणि कॅल्शियम मग दुपारीच उरकावे.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ही गोळी उष्णता, उजेड आणि ओल यांनी खराब होते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, टिनाच्या छपराखालची खोली त्याहून तापते, आणि गोळ्यांची पाकिटे मात्र खिडकीत किंवा चुलीवरच्या फळीवर ठेवलेली असतात. ती मूळ पाकिटातच, घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या कोनाड्यात ठेवा. एकदम सहा महिन्यांचा साठा आणू नका.

वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. रक्तातील पातळी स्थिर व्हायला तेवढा काळ लागतोच. पंधरा दिवसांत तपासून गोळी वाढवण्याची घाई करू नये. ती कमी-जास्त करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच राहू द्या.

पोषणतज्ज्ञ, मूळ गाव चिमूर तालुका

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. आता आहाराबद्दल लिहिते, आणि ज्या गोष्टीची मला सर्वांत अधिक काळजी वाटते तिथूनच सुरुवात करते: तुमची आई कमी जेवते, आणि वजन हलत नाही म्हणून ती आणखी कमी जेवण्याची भीती आहे. थायरॉइड कमी असल्यामुळे वाढणारे वजन बहुतेकांच्या बाबतीत काही किलोंपुरतेच असते आणि त्यातला बराच भाग अंगात साठलेल्या मिठाचा व पाण्याचा असतो. गोळी नीट लागू पडली की तो बराचसा उतरतो. पण जेवण फार तोडले की शरीर आपला खर्च आणखी आवरते. उपाशीपणात थायरॉइडच्या टी-३ या क्रियाशील संप्रेरकाची पातळी खाली येते, स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्चही घटतो. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईने दोन भाकरींवर राहणे हा तिच्या आजारावर उपाय होऊच शकत नाही.

तिच्या ताटातील प्रथिनांचा अंदाज मी मांडून पाहिला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६४ किलोला सुमारे ५३ ग्रॅम. ज्वारीत १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात, तेव्हा साठ-साठ ग्रॅम पिठाच्या दोन भाकरींतून १२ ग्रॅम मिळतात. आपल्याकडच्या पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ जेमतेम १५ ग्रॅम असते, त्यातून तीन-साडेतीन ग्रॅम मिळतात. चहातले दूध आणि भाजी धरली तरी बेरीज २० ते २२ च्या पुढे जात नाही. गरजेच्या निम्मेसुद्धा नाही.

ही तूट घरातल्याच अन्नाने भरून निघते. भाकरी दोनाच्या तीन करा. दोन्ही वेळा घट्ट वरण द्या, प्रत्येक वेळी ३० ग्रॅम डाळ धरून. दिवसाची ६० ग्रॅम तुरीची डाळ म्हणजे १३ ग्रॅम प्रथिने. मूठभर भिजवून उकडलेले हरभरे किंवा बरबटी (चवळी), मूठभर भाजलेले शेंगदाणे, वाटीभर दही किंवा त्याचे ताक एवढे जोडले की बेरीज पन्नाशीच्या जवळ जाते. सकाळी निघण्यापूर्वी तिने काहीतरी खाल्लेच पाहिजे. शिळी भाकर कुस्करून ताकात, वर जवसाची चटणी, एवढे जरी झाले तरी चालेल. जवसामुळे पोट साफ राहायलाही मदत होते, परंतु ती गोळीच्या तासाभरात नको आणि दिवसभरात पाणी पुरेसे हवे.

ज्वारी बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. तृणधान्यामुळे गलगंड वाढल्याची जी चर्चा होते ती मुख्यतः सुदानमधील डार्फर भागातील बाजरीविषयीच्या अभ्यासांवरून आली आहे, आणि तिथले लोक जवळजवळ केवळ बाजरीवर राहत होते. ज्वारीत काही जादू आहे असेही नाही. तंतू आणि प्रथिने या दोन्हींत कोंड्यासह दळलेला गहू तिच्या जवळपासच आहे. पत्ताकोबी आणि फुलकोबी शिजवल्यावर त्यांतील थायरॉइडला अडथळा आणणारे घटक बरेच कमी होतात, तेव्हा आठवड्यातून दोनदा शिजलेली भाजी खुशाल खावी. फक्त कच्च्या कोबीच्या रसाचे जे प्रयोग हल्ली चालतात ते टाळावेत.

सोयाबीन विष नाही, पण ते गोळीच्या शोषणात अडथळा आणते. म्हणून गोळीनंतरच्या पहिल्या खाण्यात ते नको, आणि एक दिवस भरपूर, मग आठवडाभर काहीच नाही असे नको. रोजचे प्रमाण ठरलेले असेल तर डॉक्टरांना त्यानुसार गोळीची मात्रा बसवता येते. नऊ भाग गव्हाला एक भाग सोयाबीन पुरे. दाणे कच्चेच दळायला देऊ नयेत. ते आधी अर्धा तास उकळून, उन्हात कडकडीत वाळवून मग दळावेत, कारण कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांचे पचनच रोखतात.

सैंधव मात्र आजच थांबवा. आपल्या देशात आयोडीनच्या कमतरतेविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे, आणि घरात पोहोचणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम त्यातूनच आला. सैंधवात ते नगण्य असते. डबा झाकणाचा ठेवा आणि मीठ शक्यतो भाजी उतरवताना घाला. याचा अर्थ मीठ वाढवा असा नाही. दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच राहावे. आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्याही घेऊ नयेत, कारण आयोडीन पुरेसे मिळत असताना होणारा हा आजार बहुधा शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच ग्रंथीवर केलेल्या हल्ल्यातून झालेला असतो आणि जादा आयोडीनने तो बिघडू शकतो.

राहिला उपवास. तो सोडा असे मी म्हणणार नाही, कारण आई ते मानणार नाही आणि तिच्या श्रद्धेला धक्का देण्याची गरजही नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, प्रथिने नावापुरतीही नाहीत. त्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकर, दही-ताक असे तिच्या नियमात जे बसते ते घ्यावे.

धानवाला, लाखांदूर

माझ्या पत्नीला हाच आजार आहे, म्हणून मी हे आवर्जून लिहितो आहे. पोषणतज्ज्ञ ताईंचा हिशेब मला पटला, परंतु घट्ट वरण आईच्या ताटात पोहोचणार कसे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. आपल्याकडे घरची बाई सर्वांत शेवटी जेवते. तोवर गंजातली डाळ माणसांना आणि मुलांना वाढून झालेली असते आणि कोणी अधिक आले तर त्यात पाणी वाढवलेले असते. तळाशी राहते ते पिवळे पाणी. आमच्या घरी आम्ही तिची डाळ शिजल्याबरोबर, फोडणीचे पाणी घालण्याआधीच, वेगळ्या वाटीत काढून ठेवायला लागलो आणि ते काम मी स्वतः करतो, कारण ती स्वतःसाठी कधीच काढून ठेवणार नाही. ताई, तुम्ही गावी नसाल तर हे वडिलांना किंवा भावाला सांगा. आईला सांगून उपयोग नाही.

दुसरे, ज्वारीबद्दल. आमच्या धानपट्ट्यात ती पूर्वीही थोडीच होती आणि तुमच्याकडेही सोयाबीन-कापसाने तिची जागा घेतली आहे. रेशनवर तांदूळ आणि गहू फुकट मिळतो, ज्वारी विकत आणावी लागते. तेव्हा पैसे थोडे असतील तर ते ज्वारीवर घालण्यापेक्षा डाळीवर आणि हरभऱ्यावर घालावेत, असे मला वाटते. भात खाल्ला तरी त्याच्याबरोबर डाळ दुप्पट असावी. मात्र स्वस्त पडते म्हणून तुरीऐवजी लाखोळीच्या (लाखेच्या) डाळीवर सगळा भर टाकू नका. महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झाले तर पाय कायमचे लुळे पडतात, हे पूर्व विदर्भातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे.

दिग्रसकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. धानवाला दादा, तुम्ही लिहिलेले वाचून मी वडिलांना लगेच फोन केला. आमच्याकडेही आई शेवटीच जेवते आणि वरण तसेच उरते. गोळी पहाटे उठल्याबरोबर पाण्यासोबत आणि चहा झाडलोट-सडा आटोपल्यावर, असे तिने मान्य केले आहे. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. सैंधव बंद केले. शिदोरीत तिसरी भाकर आणि उकडलेले हरभरे वहिनी बांधून देईल. उपवासाला भगर चालेल म्हणाली, पण सोमवारी साबुदाणाच हवा असा तिचा हट्ट आहे. निदान त्यात शेंगदाण्याचा कूट अधिक घालू.

आता एकच शंका. केस गळतात आणि थकवा आहे म्हणून गावातल्या दुकानदाराने लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या सुरू कराव्यात का?

निवृत्त परिचारिका, वर्धा जिल्हा

तपासणीशिवाय सुरू करू नका. लोहाची कमतरता खरोखर असेल तर ती भरून काढणे आवश्यकच आहे, कारण थायरॉइड ग्रंथीला संप्रेरक तयार करण्यासाठी लोह लागते. पण विदर्भात सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि त्या आजारातील रक्तक्षयावर लोह हा उपाय नव्हे; ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. आईची सिकलसेलची चाचणी पूर्वी झाली नसेल तर आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्या. सोल्युबिलिटी चाचणीला बोटातून घेतलेले थेंबभर रक्त पुरते, आणि ती सकारात्मक आली तर पुढची खात्रीची तपासणी करावी लागते. त्याच फेरीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी-१२ पाहायला डॉक्टरांना सांगा. माळकरी घरात बी-१२ कमी असणे अगदी सर्रास आढळते आणि त्याचा थकवा थायरॉइडच्या थकव्यासारखाच वाटतो. लोह सुरू झालेच तर दुपारच्या जेवणाच्या सुमारास, लिंबाच्या फोडीसोबत द्या. चहा आणि कॅल्शियम यांपासून ते दूर ठेवा.

आणि टीएसएचसाठी रक्त द्यायला जाल त्या सकाळी गोळी आधी घेऊ नये. ती सोबत न्यावी, रक्त दिल्यावर पाण्यासोबत घ्यावी आणि तासाभराने काही खाऊन मगच परतीची एस.टी. धरावी.