सामाजिक धोरण शिकायचे आहे. पदवीला कोणते विषय घ्यावेत?

बारावी_हडपसर यांचा प्रश्न

नमस्कार. मी हडपसरला राहते आणि पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावी कला शाखेत शिकते. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र हे माझे विषय आहेत. गणित मी दहावीनंतर सोडले, आणि आता त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला ती मुलांची वजने आणि उंची घेते, रजिस्टरमध्ये लिहिते आणि रात्री जेवणे आटोपली की तीच माहिती मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरते, कारण दुपारी केंद्रात रेंज नसते. नववीत असल्यापासून मी तिच्या शेजारी बसून आकडे वाचून दाखवते. गेल्या वर्षी आमच्या केंद्रातले एक मूल सलग तीन महिने सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित श्रेणीत होते आणि चौथ्या महिन्यात यादीतून गेले. ते सुधारले नव्हते. बांधकामावर काम करणारे त्याचे आईवडील दुसऱ्या साइटवर राहायला गेले होते. कागदावर मात्र आमच्या केंद्रातील तीव्र कुपोषित बालकांची संख्या एकाने कमी झाली. आईने त्या दिवशी रजिस्टर मिटून ठेवले आणि बराच वेळ ती काहीच बोलली नाही.

योजना कोण ठरवते, तिचा पैसा कुठून येतो आणि यश कशाने मोजायचे हे कोण ठरवते, हे मला नीट शिकायचे आहे. या विषयाला सामाजिक धोरण म्हणतात असे आमच्या समाजशास्त्राच्या बाईंनी सांगितले. पुण्यात या नावाची पदवी मला कुठे सापडली नाही. मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता घ्यावा, गणित नसल्याने कोणती दारे बंद होतात, आणि बाहेरगावी जाण्यात खरेच अर्थ आहे का? वडील टेम्पो चालवतात, त्यामुळे वसतिगृहाचा खर्च शिष्यवृत्तीशिवाय झेपणार नाही.

निवृत्त_प्राध्यापक यांचे उत्तर

तुझा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण विषयाचे नाव समजण्याआधीच तू विषयाच्या गाभ्यापाशी पोहोचली आहेस. सामाजिक धोरण, सार्वजनिक धोरण, विकास अभ्यास या नावांचे अभ्यासक्रम आपल्याकडे प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर मिळतात, त्यामुळे बारावीनंतर त्या नावाच्या मागे धावू नये. पदवीच्या काळात पाया घालायचा आणि त्यासाठी माझे मत अर्थशास्त्र मेजर व समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र मायनर, म्हणजे दुय्यम विषय, असे आहे. मी अर्थशास्त्र शिकवत होतो म्हणून हे सांगतो असे समजू नकोस, कारण सांगतो.

घरात किंवा शेजारी कुणाची पगाराची स्लिप असेल तर ती हातात घे. त्यात व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील. वर्षाचे होतात २५००, आणि याहून जास्त व्यवसाय कर लावता येत नाही अशी मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदातच आहे. महाराष्ट्रात हा कर १९७५ मध्ये आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडत होती, त्या अनुभवातून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीतून ती योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशपातळीवर जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. पुण्या-मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा दुष्काळी तालुक्यातल्या पाझर तलावाच्या मजुरीत पोहोचावा, ही एवढी साधी वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात येण्यासाठी कर, कायदा, प्रशासन आणि राजकारण या चौघांना एकत्र यावे लागले. ते कसे आले हे समजून घेणे म्हणजे सामाजिक धोरणाचा अभ्यास, आणि पैशाचा हिशेब वाचता आला नाही तर त्यातला अर्धा भाग अंधारात राहतो.

कोण भरतो आणि कोणाला मिळते, हा प्रश्न आपल्या पुण्याला नवा नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमका हाच मुद्दा मांडला: सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. शिक्षण हक्काचा कायदा व्हायला २००९ साल उजाडले. फुल्यांचे ते निवेदन छोटे आहे. प्रवेश घेण्याआधी, या सुट्टीतच वाच.

राहिला संस्थेचा प्रश्न. डेक्कनजवळची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक होते. त्यांनी केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. तिथल्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्यात रोजच्या २२५० उष्मांकांचा आधार घेतला होता. गरीब कोणाला म्हणायचे हे त्या एका आकड्यावर ठरत होते, म्हणजे तुझ्या आईच्या रजिस्टरातला प्रश्नच तो, फक्त देशाच्या मापाचा. तिथे आता अर्थशास्त्राची पदवीही आहे. तिची गणिताची अट प्रवेशपत्रकात नीट वाचून घे. ती जमली नाही तर शहरातल्या चांगल्या कला महाविद्यालयात बी.ए. अर्थशास्त्र कर, त्यात काहीही कमीपणा नाही.

धोरण_आणि_आकडे यांचे उत्तर

मी पुण्यातच बी.ए. अर्थशास्त्र केले, मुंबईला जाऊन एम.ए. केले आणि गेली सहा वर्षे आरोग्य सेवांच्या अभ्यासाचे काम करते. सरांशी बहुतांश सहमत आहे, पण गणिताबद्दल ते थोडक्यात बोलले म्हणून लिहिते.

माझेही अकरावी-बारावीला गणित नव्हते. बी.ए.ला ते निभावले, मात्र एम.ए.च्या पहिल्याच सत्रात प्रतिगमन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मोजण्याची रीत, समोर आले तेव्हा वर्गातल्या इतरांना दोन ओळीत समजणारी गोष्ट मला दोन आठवडे लागत होती. चूक माझीच होती, कारण मी तीन वर्षे ते टाळले होते. तू टाळू नकोस. बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यातली फलने, विकलन, संभाव्यता आणि सांख्यिकी एवढी प्रकरणे बारावीनंतरच्या सुट्टीत आणि पहिल्या वर्षात मिळून कर. शिकवणीची गरज पडलीच तर शेजारच्या विज्ञान शाखेच्या मुलीकडून करून घे. अर्थशास्त्राच्या बऱ्याच पदव्युत्तर प्रवेश परीक्षांत हेच विचारतात.

आता तुझ्या रजिस्टराविषयी, कारण मला त्यातच जास्त रस आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे २०१९ ते २०२१ चे, पुणे जिल्ह्याचे माहितीपत्रक उघड. त्यात पाच वर्षांखालील मुलांचे तीन वेगळे आकडे दिसतील: वयाच्या मानाने कमी उंची, उंचीच्या मानाने कमी वजन आणि वयाच्या मानाने कमी वजन. पहिला आकडा दीर्घकाळच्या उपासमारीबद्दल आणि आजारपणाबद्दल सांगतो, दुसरा अलीकडच्या उपासमारीबद्दल, आणि तिसऱ्यात दोन्ही मिसळलेले असतात. सॅम ठरते ते दुसऱ्यावरून. आता असा विचार कर की पाहणीत घरे नमुन्याने निवडली जातात आणि त्या घरातली मुले मोजली जातात, मग ती अंगणवाडीत येत असोत वा नसोत. आईच्या रजिस्टरात मात्र नोंदवलेली आणि त्या दिवशी हजर असलेली मुलेच येतात. अंश, म्हणजे कुपोषित मुले, दोन्हीकडे सारखा दिसतो; छेद, म्हणजे ज्यांच्यातून ती मोजली ती एकूण मुले, वेगळा आहे. तुमच्या केंद्रातले ते मूल अंशातूनही गेले आणि छेदातूनही गेले. हा फरक ज्याला एकदा डोळ्यांनी दिसला, त्याला धोरणाचा कुठलाही अहवाल फसवू शकत नाही.

मेजरबाबत माझे मत सरांपेक्षा थोडे वेगळे आहे. समाजशास्त्र मेजर घेऊन संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र मायनर घेतलेली माझी एक सहकारी मुलाखती घेण्यात आणि लोक जे बोलत नाहीत ते ओळखण्यात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. मेजर-मायनरच्या जोड्या महाविद्यालयागणिक बदलतात, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी प्रत्यक्ष विभागात जाऊन विचार. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करता येते. संशोधनासह ऑनर्स हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. मधल्या काळातल्या क्षेत्र प्रकल्पाला क्रेडिट असतात, ते कशावर करायचे हे तुला आत्ताच माहीत आहे.

बाहेर जायचे असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूरचा परिसर बघ. शिवाय सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, देऊन ठेव. ती मराठीतूनही देता येते.

कोथरूड_पालक यांचे उत्तर

प्राध्यापक महोदय आणि ताई यांनी अभ्यासाचे उत्तम सांगितले आहे. एका पालकाच्या नात्याने मला एवढेच विचारावेसे वाटते की ज्या घरात वडील टेम्पो चालवतात, तिथे पदवीनंतर लगेच कमाई सुरू होणे महत्त्वाचे नाही का? बी.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी, केल्यास पहिल्या वर्षापासून प्रत्यक्ष क्षेत्रकार्य असते आणि संस्थांमध्ये काम लवकर मिळते. महिला व बालविकास विभागाच्या परीक्षांचाही विचार करावा. बालविकास प्रकल्प अधिकारी झालेली मुलगी तेच रजिस्टर वरून पाहू शकेल.

धोरण_आणि_आकडे

काका, तुमची काळजी रास्त आहे आणि बी.एस.डब्ल्यू.ला मी कमी लेखत नाही. समाजकार्यात समोरच्या कुटुंबाला आज काय मिळवून देता येईल हे शिकवतात, तर धोरणात तो नियम सगळ्यांसाठीच कसा असावा हे शिकवतात. हिचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे. परीक्षांचे म्हणाल तर अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊनही त्या देता येतात.

लंडनहून_परत यांचे उत्तर

परदेशाचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. ब्रिटनमध्ये सामाजिक धोरण हा पदवीचा स्वतंत्र विषय आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्याचा विभाग १९१२ मध्ये सुरू झाला. विल्यम बेव्हरिज यांच्या सामाजिक सुरक्षेवरच्या १९४२ च्या अहवालाने अभाव, आजार, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी असे पाच शत्रू सांगितले आणि त्यानंतर ५ जुलै १९४८ रोजी तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिथला बराचसा अभ्यासक्रम याच इतिहासाभोवती गुंफलेला असतो. जाता जाता सांगतो, बाबासाहेब त्या संस्थेत शिकत होते तेव्हा तिचे संचालक बेव्हरिजच होते.

तरीही पदवीसाठी जाऊ नकोस असेच मी म्हणेन. परदेशी विद्यार्थ्यांची फी फार जास्त असते आणि राज्य सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, पदवीसाठी नाही. शिवाय तिथल्या व्यवस्थेत बहुतेकांना पगार, पत्ता आणि नोंद असते. हंगामागणिक साइट बदलणारे कुटुंब त्या सिद्धांतांत कुठे बसते, हे मला तिथे कुणी शिकवले नाही. ते इथे आधी शिकावे, मग एम.ए.साठी जावे.

बारावी_हडपसर

सर्वांचे मनापासून आभार. आईला सगळी उत्तरे वाचून दाखवली. छेदाचा परिच्छेद तिने दोनदा वाचायला लावला. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र दोन्ही असलेल्या तीन महाविद्यालयांची यादी केली आहे, गणिताचे अकरावीचे पुस्तक उतरवून घेतले आहे आणि सीयूईटीचा फॉर्मही भरणार आहे.

ताई, एकच शंका. पुढे क्षेत्र प्रकल्पासाठी आईचे रजिस्टर वापरता येईल का, आणि गेलेली मुले मोजायची कशी?

धोरण_आणि_आकडे

आईचे म्हणून परस्पर वापरायचे नाही. मुख्यसेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्याकडे महाविद्यालयाच्या पत्रासह लेखी परवानगी माग. मुलांची आणि आईवडिलांची नावे वहीत उतरवू नकोस, फोटोही काढू नकोस; प्रत्येक मुलाला तू तुझा एक क्रमांक दे आणि क्रमांक व नाव जोडणारा कागद केंद्राबाहेर नेऊ नकोस.

मोजण्याची रीत अशी. दर महिन्याची बेरीज विसरून जा. जानेवारीत यादीवर असलेली मुले घे आणि त्याच क्रमांकांच्या मागे डिसेंबरपर्यंत जा. प्रत्येक क्रमांकापुढे शेवटी चारपैकी एक नोंद येईल: अजून यादीत आहे, सहा वर्षांचे होऊन शाळेत गेले, स्थलांतर झाले, किंवा कारण माहीत नाही, मूल दगावले असेल तर ती नोंद पाचवी. जाताना ते कोणत्या श्रेणीत होते हे शेजारी लिही. स्थलांतराच्या रकान्यात सॅम मुलांचे प्रमाण बाकीच्यांपेक्षा जास्त निघाले, तर तुझ्या प्रकल्पाचा पहिला तक्ता तोच. एका केंद्रातली मुले त्यासाठी थोडी पडतील, म्हणून आईच्या ओळखीच्या आणखी चार-पाच सेविकांना आत्तापासूनच विचारून ठेव.