मदत हवी आहे: नाइट ड्यूटी सांभाळून ऑनलाइन नर्स प्रॅक्टिशनर कोर्स (अमेरिका), आठवडा कसा बसवायचा?

रानजाई
नमस्कार. न्यू जर्सीत स्टेप-डाउन युनिटला (आयसीयू आणि साध्या वॉर्डाच्या मधला विभाग) आरएन, म्हणजे परवानाधारक नर्स आहे. आठवड्याला बारा तासांच्या तीन नाइट, म्हणजे ०.९ एफटीई (४० तासांच्या पूर्णवेळ नोकरीचा ०.९ भाग). बीएस्सी नर्सिंग महाराष्ट्रातलं, मूल्यांकन झालेलं आहे. ग्रीन कार्ड आहे. मुलं शाळेत जाणारी, नवऱ्याची नोकरी सोमवार ते शुक्रवार, आरोग्यविमा माझ्या नोकरीतून. येत्या फॉलच्या सत्राला ऑनलाइन एमएसएन (नर्सिंगमधली पदव्युत्तर पदवी), फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एफएनपी, म्हणजे स्वतः निदान करून औषधं लिहून देणारी नर्स) सुरू करायचा विचार आहे. प्रत्येक कॉलेजच्या पानावर "नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी" असं लिहिलेलं असतं, पण तासांचा हिशेब कुणीच मांडत नाही. ३६ तास ठेवून किती क्रेडिट झेपतात? नोकरी कमी करायची तर कधी आणि किती? आणि प्रिसेप्टर (दवाखान्यात आपल्या हाताखाली शिकवणारा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर) शोधायला कधी लागायचं? नेमकं सांगणाऱ्यांची वाट पाहते आहे.

वहीखातं
आधी क्रेडिटचे तास करून घ्या. एक क्रेडिट म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला वर्गाचा एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन, म्हणजे सत्रभरात साधारण ४५ तास. कोर्स ऑनलाइन असला तरी मोजणी हीच. तीन क्रेडिटचा विषय १३५ तासांचा झाला. १५ आठवड्यांत आठवड्याला ९ तास. पण बरेच ऑनलाइन कोर्स ८ आठवड्यांच्या सत्रात चालतात, आणि तिथे तोच विषय आठवड्याला १७ तास खातो. "एका वेळी एकच विषय" हे ऐकायला हलकं वाटतं, ओझं मात्र लांब सत्रातल्या दोन विषयांइतकंच. शिवाय आठ आठवड्यांत मुलाच्या तापात एक आठवडा गेला की सत्राचा आठवा भाग गेला. तो भरून काढायला जागाच नसते. तुमच्यासारख्या घरात मी १५ आठवड्यांचं सत्र निवडायला सांगेन.

आता आठवड्याचे १६८ तास. बारा तासांच्या ड्यूटीला जेवणाचा बिनपगारी अर्धा तास, रिपोर्ट आणि गाडी धरून १४ लावा, म्हणजे ४२. झोपेचे ५६. उरले ७०. सहा क्रेडिटचे १८ काढले की घरासाठी ५२ उरतात. त्यामुळे नुसत्या थिअरीच्या सत्रात ०.९ एफटीई आणि ६ क्रेडिट हे जमतं. नऊ क्रेडिट घेऊ नका.

ॲडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट या "थ्री पी"पैकी पहिले दोन एकाच सत्रात घ्यायचा मोह होतो, कारण ते जोडीचे वाटतात. तसं करू नका. आधी पॅथो, पुढच्या सत्रात फार्म. बहुतेक कॉलेजांत बी च्या खाली ग्रेड चालत नाही, विषय पुन्हा करावा लागतो. तो विषय वर्षातून एकदाच निघत असेल तर तुमची तुकडी पुढे जाते आणि क्लिनिकलची (दवाखान्यातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची) ठरलेली जागाही हातची जाते. सहा महिने वाचवायला जाऊन वर्ष जातं ते इथे.

आणखी एक, सिलॅबस मिळाल्याशिवाय ड्यूट्या भरू नका. डिस्कशनची पहिली पोस्ट बहुधा बुधवार-गुरुवारी आणि इतरांना उत्तरं रविवारपर्यंत मागतात. प्रॉक्टर्ड (देखरेखीखाली होणाऱ्या) परीक्षेची खिडकी दोन-तीन दिवसांची असते. युनिटचं सेल्फ-शेड्युलिंग (आपल्या ड्यूट्या आपणच निवडणं) महिनाभर आधी उघडत असेल तर प्राध्यापकांना ईमेल करून निदान परीक्षेच्या तारखा आधी मागून घ्या. बरेच जण देतात.

पाणंद
वहीखातं यांचा हिशेब बरोबर आहे, पण लोक कोर्स सोडतात ते थिअरीत नाही, क्लिनिकलमध्ये. म्हणून तिथून मागे मोजत या.

नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणाच्या २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी थेट रुग्णसेवेचे किमान तास ५०० वरून ७५० वर नेले. चार सत्रांत वाटले तर सत्राला १८७ च्या आसपास. १५ आठवड्यांनी भागून "साडेबारा तास, दीड दिवस" असं कागदावर मांडू नका. प्रिसेप्टर रजेवर जातात, थँक्सगिव्हिंगला दवाखाना बंद असतो, बर्फ पडतो, आणि सुरुवातीचा आठवडा कॉम्प्युटरचं लॉगिन मिळण्यात जातो. १२ आठवड्यांनी भागा. मग आठवड्याला साडेपंधरा-सोळा तास येतात, म्हणजे आठ तासांचे पूर्ण दोन दिवस. जेवणाची सुट्टी आणि प्रवास त्यात धरत नाहीत. शिवाय घरी आल्यावर रुग्णांच्या नोंदी लॉगमध्ये भरायच्या असतात. त्या त्याच दिवशी भरा, बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवसांनंतर नोंद बंद होते आणि केलेले तास बुडतात.

एफएनपी म्हणजे सर्व वयोगट. प्रौढांसाठीचे प्रिसेप्टर मिळतात, लहान मुलं आणि स्त्रीरोग या जागांसाठी मारामार असते, कारण मेडिकल आणि पीएचे (फिजिशियन असिस्टंट) विद्यार्थीही त्याच दारात उभे असतात. या दोन जागा पहिल्यांदा पक्क्या करा, क्रमाने त्या शेवटच्या सत्रात असल्या तरी.

वेळ जातो तो प्रिसेप्टरचा होकार मिळवण्यात नाही, करारात. कॉलेज आणि दवाखाना यांच्यात लेखी करार झाल्याशिवाय एकही तास धरला जात नाही, डॉक्टर कितीही तयार असले तरी. मोठ्या साखळीतल्या दवाखान्याचा कायदा विभाग सहज काही महिने लावतो. किमान सहा महिने आधी सुरुवात करा, आणि पहिला प्रश्न कॉलेजला विचारा: "माझ्या घरापासून ४० मैलांत तुमचे करार आधीच कुठे आहेत?" त्या यादीतली जागा नव्या जागेपेक्षा कधीही बरी. नंतर तुमच्याच हॉस्पिटलचे बाह्यरुग्ण दवाखाने पाहा. एडिसन-इसेलिन भागात भारतीय डॉक्टरांचे स्वतःच्या मालकीचे दवाखानेही बरेच आहेत. तिथे सही करणारा माणूस एकच असतो, म्हणून काम लवकर होतं. नातेवाईक किंवा सध्याचा वरिष्ठ प्रिसेप्टर म्हणून चालत नाही.

सोबत कागदांची फाइल तयार ठेवा: गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांचे टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी), क्वांटिफेरॉन (क्षयरोगाची रक्ततपासणी), बीएलएस (जीवरक्षक उपचारांचं प्रमाणपत्र), बॅकग्राउंड चेक, ड्रग स्क्रीन. भारतात झालेल्या लसींचे दाखले बहुधा अपुरे पडतात, म्हणून टायटर लवकर काढा. हिपॅटायटिस बीचा निगेटिव्ह आला आणि तीन डोस पुन्हा घ्यावे लागले तर नेहमीच्या लसीला सहा महिने लागतात.

रानजाई
खूप आभार. बारा आठवड्यांनी भागायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका. माझ्या युनिटवर केलेले तास यात धरता येतात का? आणि कॉलेज दुसऱ्या राज्यातलं असेल तर काय बघायचं?

पाणंद
पगारी आरएन ड्यूटीचे तास धरले जात नाहीत. तिथे तुम्ही आरएनच्या भूमिकेत असता, निदान आणि औषधयोजना शिकत नसता. एफएनपीचा भर प्राथमिक सेवेवर असल्याने त्याच हॉस्पिटलात वेगळ्या दिवशी हॉस्पिटलिस्टसोबत (दाखल रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरसोबत) तास करणंही बहुतेक कॉलेजं मान्य करत नाहीत.

पण यातूनच एक मोठा प्रश्न निघतो, तो अर्ज करण्याआधी सोडवा. एफएनपीच का? तुमचा अनुभव स्टेप-डाउनचा. ॲडल्ट-जेरोन्टॉलॉजी ॲक्यूट केअर (एजीएसीएनपी, म्हणजे प्रौढ आणि वृद्ध गंभीर रुग्णांसाठीची शाखा) घेतलं तर तास हॉस्पिटलिस्ट, कार्डिऑलॉजी, आयसीयू अशा टीमबरोबर होतात, बऱ्याचदा बारा तासांच्या शिफ्टमध्ये, कधी शनिवार-रविवारीही. सत्राचे १८७ तास म्हणजे सोळा शिफ्ट. एफएनपीचा दवाखाना सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच. नोकरी करणारीसाठी हा फरक फार मोठा आहे. उलट बाजूही पाहा: एजीएसीएनपीला लहान मुलं तपासता येत नाहीत आणि पुढची नोकरीही रात्रीची असू शकते. तुम्हाला पुढची वीस वर्षं दवाखाना हवा असेल तर एफएनपीच घ्या, सोयीसाठी दिशा बदलू नका.

दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजबद्दल: सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए या नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता हवीच. शिवाय तो कोर्स तुमच्या राज्याच्या परवान्याच्या अटी पुऱ्या करतो का, याची राज्यवार यादी कॉलेजला जाहीर करावी लागते. त्यात न्यू जर्सी शोधा. कोर्सदरम्यान कॅलिफोर्नियाला जायची शक्यता असेल तर आधीच विचारा. बाहेरच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना तिथे क्लिनिकल करायचं तर तिथल्या नर्सिंग बोर्डाची वेगळी मंजुरी लागते.

सातची_रिपोर्ट
नोकरीच्या बाजूचं मी लिहिते.

क्लिनिकल सुरू झालं की ०.९ टिकत नाही. ३६ अधिक १६ म्हणजे ५२ तास रुग्णांसमोर, त्यावर अभ्यास. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने २०१४ मध्ये थकव्याबाबत जी भूमिका घेतली, तिच्यात आठवड्याला ४० तास आणि चोवीस तासांत १२ ही मर्यादा सांगितली आहे. ०.६ एफटीई म्हणजे २४ तास, अधिक क्लिनिकलचे १६, बरोबर ४०. आकडा योगायोगाने जुळतो, पण मर्यादा तीच ठेवावी.

नाइट सोडता येत नसेल तर शुक्रवार आणि शनिवारची रात्र घ्या. रविवार झोपेचा, सोमवार अभ्यासाचा, मंगळवार आणि गुरुवार दवाखाना, बुधवार नोंदी आणि डिस्कशन पोस्ट. मुलांच्या बाजूनेही हे बसतं, कारण शनिवार-रविवार नवरा घरी असतो. सकाळी साडेसातला ड्यूटी संपवून आठला दवाखान्यात जायचं, हे कधीही करू नका. अनेक कॉलेजांच्या हँडबुकात याला स्पष्ट मनाई असते, आणि नसली तरी झोप न झालेल्या डोक्याने औषधाचा डोस ठरवायचा नसतो. गाडी चालवायची नसते, हे तर आणखी महत्त्वाचं.

एफटीई कमी करण्याआधी एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा. आरोग्यविमा किती एफटीईपर्यंत राहतो आणि त्याचा हप्ता वाढतो का? कुठे ०.५ ला चालतो, कुठे ०.६ ला, कुठे ०.७५ ला. तो जाणार असेल तर नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात शिरायला ३० दिवस असतात, तारीख चुकली की वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. दुसरं, फीची मदत एफटीईच्या प्रमाणात कापली जाते का? तिसरं, मदत घेतल्यावर किती काळ नोकरीत राहायचं बंधन आहे, आणि त्याच हॉस्पिटलात एनपीची जागा न मिळाल्यास पैसे परत करावे लागतात का?

या तीन प्रश्नांत न येणारी एक बाब. एफएमएलएच्या रजेसाठी (स्वतःच्या किंवा घरच्यांच्या आजारपणात नोकरी राखणारी बिनपगारी रजा) मागच्या १२ महिन्यांत १,२५० तास काम केलेलं असावं लागतं. आठवड्याला २४ तासांनी वर्षाचे १,२४८ होतात. दोन तासांनी हक्क जातो, आणि सुट्टीचे तास यात धरत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात तूट मोठी असते. कॉलेजला सुट्टी असताना दर सत्राअखेर काही जादा ड्यूट्या घ्या, म्हणजे आईवडिलांच्या आजारपणात भारतात जायची वेळ आली तर नोकरी सुरक्षित राहील. अभ्यासासाठी मात्र ही रजा मिळत नाही.

वहीखातं
पैशांचं थोडं. मालकाकडून मिळणारी फीची मदत कॅलेंडर वर्षात ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त आहे. फॉलची ग्रेड डिसेंबरात लागते, मालकाने पैसे त्याच महिन्यात दिले तर ते त्याच वर्षात मोजले जातील. त्या वर्षाची मर्यादा भरली असेल तर एचआरला जानेवारीत देण्याबद्दल विचारा. पैसे ग्रेड लागल्यावर मिळतात, म्हणजे एका सत्राची फी आधी स्वतःची लागते.

ग्रीन कार्डवर फेडरल कर्ज मिळतं, पण निम्म्या वेळेचे तरी क्रेडिट लागतात. ते किती, हे प्रत्येक कॉलेज पदव्युत्तरसाठी स्वतः ठरवतं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदव्युत्तरसाठीचं जादा फेडरल) कर्ज बंद, आणि पदव्युत्तर पदवीसाठी वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा. महाग कॉलेज निवडताना हे आधी मांडून बघा.

गोदाकाठ
थोडं अवांतर. माझी बहीण नाशिकला आयसीयूमध्ये आहे. तिला हा कोर्स भारतातून ऑनलाइन करता येईल का?

पाणंद
नाही. प्रवेशालाच अमेरिकेतल्या राज्याचा चालू आरएन परवाना लागतो आणि क्लिनिकल तास अमेरिकेतच करावे लागतात. भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे. तो रेसिडेन्सी स्वरूपाचा, म्हणजे हॉस्पिटलात राबून शिकायचा. आयसीयूत असलेल्या ताईंसाठी तोच विचारात घेण्यासारखा.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलं वर्ष ०.९ वर ६ क्रेडिट, क्लिनिकलपासून ०.६, असं मांडते आहे. शेवटची शंका: मॅनेजरला कधी सांगायचं?

सातची_रिपोर्ट
प्रवेशपत्र हातात आल्यावर, आणि क्लिनिकलच्या पहिल्या सत्राआधी निदान चार महिने. ०.६ च्या जागा मोजक्या असतात. कुणीतरी सोडल्याशिवाय किंवा बजेटमध्ये बसवल्याशिवाय मॅनेजरला त्या देता येत नाहीत. नुसतं "तास कमी करा" म्हणू नका, "अमुक तारखेपासून शुक्रवार-शनिवार नाइट, दर आठवड्याला" असं सांगा. आठवड्याअखेरच्या रात्री भरणारी माणसं कुठल्याच युनिटला पुरत नाहीत, त्यामुळे होकार मिळायची शक्यता वाढते. परत ०.९ वर यायची हमी मिळत असेल तर तीही ईमेलवर घ्या. मॅनेजर बदलतात.