नवीन फोनला रेंज कमी, जॉबशीटवर ‘नो फॉल्ट फाउंड’. तक्रार कशी उभी करायची?

घाटमाथा

नवीन ५जी फोन ऑनलाइन घेतला आहे, बिल आणि वॉरंटी भारतातलीच. घरात आतल्या खोल्यांत कॉल मध्येच कट होतो, बऱ्याचदा ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ येतं. तेच सिम जुन्या ४जी फोनमध्ये घातलं की त्याच जागी कॉल व्यवस्थित. सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर परत टाकून, जॉबशीटवर (दुरुस्तीच्या कागदावर) ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहून फोन हातात दिला. विक्रेता म्हणतो रिप्लेसमेंटची मुदत संपली. हँडसेट कंपनी सिमकंपनीकडे बोट दाखवते आणि सिमकंपनी हँडसेटकडे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.

फोनमध्येच दोष आहे हे कागदावर दाखवायचं कसं? आणि तक्रार नक्की कुणावर करायची?

वेव्हगाइड

आधी कांड्या विसरा. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे ज्याचं तो ठरवतो. २०१० साली आयफोन ४ च्या वेळी अ‍ॅपलनेच कबूल केलं होतं की त्यांचं कांड्यांचं गणित चुकीचं होतं आणि फोन कधीकधी दोन कांड्या जास्त दाखवत होता. (डाव्या कोपऱ्यात खाली बोट टेकलं की सिग्नल खरोखरच पडायचा, ते दुखणं वेगळं. त्यावर शेवटी फुकट कव्हर वाटावी लागली.)

मोजायचा आकडा म्हणजे आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा सिग्नल फोनला किती जोरात मिळतो तो, एकक डीबीएम. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* डायल करून फोन इन्फर्मेशनमध्ये बघा, सॅमसंगवर *#००११#, आयफोनवर *३००१#१२३४५#*. काही ब्रँडनी हे कोड बंद केलेत, तिथे नेटमॉन्स्टरसारखं अ‍ॅप चालतं. आकडा उणे असतो, त्यामुळे -११० हा -१०० पेक्षा वाईट. -८५ च्या आसपास उत्तम, -१०० ला काम चालतं, -११० च्या खाली घरात रखडायला लागतं, -१२० ला फोन नेटवर्क सोडायच्या बेतात असतो. ३ डीबी पडले म्हणजे सिग्नल निम्मा, १० डीबी पडले म्हणजे एक दशांश.

लोक चुकतात ते तुलनेत. तुमचा जुना ४जी फोन समजा ८५० मेगाहर्ट्झवर बसला आहे आणि नवा ५जीच्या ३३०० वर. ३३०० भिंतीतून कमीच आत येतो, त्यात अँटेनाचा काय दोष? म्हणून नव्या फोनमध्ये ‘प्रिफर्ड नेटवर्क टाइप’ एलटीई (म्हणजे ४जी) करा आणि एक दिवस वापरून बघा. तेवढ्याने कॉल सुधारले तर फोन बहुधा ठीक आहे, ५जी-४जीच्या उड्या त्रास देत आहेत. त्याला उपाय अपडेट किंवा ५जी बंद. रिफंड मिळण्यासारखी ती केस नाही.

सुधारले नाहीत तर खरी तुलना करा. दोन्ही फोनवर एकच सिम आळीपाळीने घाला, कव्हर काढा (मॅग्नेटिक होल्डरची लोखंडी चकती असेल तर ती आधी), लाकडी टेबलावर त्याच जागी ठेवा. बँड (म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आणि पीसीआय (म्हणजे टॉवरच्या सेलचा क्रमांक) दोन्हीकडे सारखेच हवेत, वेगळा असेल तर ते रीडिंग टाकून द्या. मिनिटाभराच्या अंतराने दहा रीडिंग घ्या, मग खोली बदला. पुढचं सगळं प्रकरण या पीसीआयच्या रकान्यावर उभं राहतं, आणि नेमका तोच बहुतेकांच्या स्क्रीनशॉटमध्ये नसतो.

दोन वेगळ्या मॉडेलमध्ये ३-४ डीबीचा फरक असणारच, फोनची मोजणीही तेवढी काटेकोर नसते. सातत्याने ८-१० डीबीचा फरक दिसला तर बोलण्यासारखं आहे. त्याहून भारी म्हणजे त्याच मॉडेलचा कुणाचा तरी दुसरा फोन शेजारी ठेवून घेतलेली रीडिंग. मग ‘हे मॉडेलच असं आहे’ म्हणायला जागा उरत नाही.

एक पळवाट लक्षात ठेवा. आरएसआरपी चांगला असूनही कॉल तुटू शकतो. तुम्हाला समोरचा स्पष्ट ऐकू येतो पण त्याला तुमचा आवाज तुटक जातो, असं असेल तर गोची फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या बाजूला आहे आणि ती या आकड्यात दिसतच नाही. तसं असेल तर ते वेगळं नोंदवा.

सोल्डरमामा

वरच्यात भर. दुसऱ्या कंपनीचं सिमही घालून बघा, आणि दोन्ही स्लॉटमध्ये. सगळ्या कंपन्या, सगळे बँड मार खात असतील तर हार्डवेअर. फक्त ७००-८५०-९०० मेगाहर्ट्झवर मार आणि १८००-२३०० ठीक, तर बहुतेक फोनांत खालच्या कडेच्या अँटेनाचा किंवा खालच्या छोट्या बोर्डावरून मेनबोर्डकडे जाणाऱ्या बारीक कोॲक्स वायरीचा संशय. तिचं टिचकी बटणासारखं टोक असतं, नीट बसलेलं नसेल तर असंच होतं. काम दोन मिनिटांचं आहे, पण बाहेरच्या दुकानात उघडू नका. वॉरंटी तर जाईलच, वर ‘ग्राहकाने छेडछाड केली’ हा बचाव त्यांना आयता मिळेल.

सिम खूप जुनं असेल तर आधी बदलून घ्या.

कलम पस्तीस

कागदांचं सांगतो. तुमची केस सध्या अडली आहे ती जॉबशीटवर. काउंटरवरचा माणूस ‘नेटवर्क इश्यू’ एवढंच लिहितो, काउंटरजवळ सिग्नल जोरदार असतो, तिथे फोन चालतो, शेरा पडतो नो फॉल्ट फाउंड. परत जा आणि तक्रारीच्या रकान्यात हे लिहायला लावा:

‘बँड ५, पीसीआय अमुक, एकच सिम, एकच जागा. हा हँडसेट सरासरी -११४, दुसरा हँडसेट -१०३. कव्हर नाही. सोबत रीडिंगचा तक्ता जोडला आहे.’

आकडे अर्थात तुमचे. लिहायला नकार दिला तर त्याच दिवशी हाच मजकूर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा, जॉबशीट क्रमांकासह. फोन परत घेताना ‘समाधान झाले’वर सही करू नका, ‘तक्रार कायम’ लिहून सही करा.

सिमकंपनीकडेही तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घ्या. ‘तुमच्या ठिकाणी कव्हरेज व्यवस्थित आहे’ असं त्यांनी लेखी दिलं तर वैतागू नका, तो हँडसेट कंपनीविरुद्धचा तुमचा पुरावा आहे. उलट त्यांनीच कव्हरेज कमी असल्याचं मान्य केलं तर लढाई त्यांच्याशी. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

त्यानंतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर जाते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. ऑनलाइन खरेदी असल्याने प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायला हवं.

तरीही हललं नाही तर १५ दिवसांची नोटीस आणि जिल्हा ग्राहक आयोग. प्रतिवादी तिघे: उत्पादक किंवा आयातदार (नाव-पत्ता खोक्यावरच्या लेबलवर असतो), बिलावरचा विक्रेता, आणि प्लॅटफॉर्म. सर्व्हिस सेंटरला हवं तर चौथं जोडा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं. स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र सोबत द्या. जुने नमुने अजून आधीच्या पुरावा कायद्यातलं ६५बी लिहितात, तेच डोळे झाकून उतरवू नका.

बँडवाला

हे आधी तपासायला हवं होतं: खोक्यावर भारतीय आयातदाराचं लेबल आहे का? *#०६# ने आयएमईआय काढा, बिल आणि खोक्याशी जुळवा. बाहेरून आणलेल्या मॉडेलात इथले बँड नसतात असं बऱ्याचदा होतं. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर आहे, आणि त्यांच्याकडे २जी-३जी नाही, त्यामुळे व्होएलटीई (४जीवरून कॉल) चालू न होणाऱ्या फोनवर डेटा येतो, कॉल लागत नाही. अशा फोनसाठी इथल्या कंपनीशी भांडून काही निघत नाही. ज्याने ‘भारतात सगळं चालतं’ म्हणून विकला त्याच्यावर मात्र जरूर करा.

घाटमाथा

लेबल भारतीय आहे, आयएमईआय जुळतो. एलटीईवर टाकूनही फरक नाही. आता पीसीआय जुळवून तक्ता करतो. आयोगात कंपनी म्हणाली की तज्ज्ञाचा अहवाल कुठे आहे, तर?

कलम पस्तीस

म्हणतेच, हमखास. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं कलम ३८(२)(ग) त्यासाठीच आहे. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, अहवाल ४५ दिवसांत मागवायचा असतो. फी मात्र आधी तुम्हाला भरावी लागते. त्यामुळे चाचणीचा अर्ज सरसकट करू नका. तीस हजारांच्या फोनसाठी तो खर्च आणि महिने परवडतात का बघा. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या हँडसेटबरोबरचा तक्ता, दोन जॉबशीट आणि सिमकंपनीचं पत्र एवढं शपथपत्रासोबत गेलं की कंपनीला नुसतं ‘दोष नाही’ म्हणून सुटता येत नाही, तिला स्वतःची चाचणी दाखवावी लागते.

मागणी लिहिताना क्रम ठेवा: रक्कम व्याजासह परत, ते नाही तर नवा सीलबंद हँडसेट. नुसतं ‘बदलून द्या’ लिहिलंत तर रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त केलेला) फोन हातात येऊ शकतो.

वेव्हगाइड

आणि तक्ता पूर्ण होईपर्यंत सॉफ्टवेअर अपडेट घेऊ नका. अबाउट फोनमधल्या बेसबँड व्हर्जनचा (नेटवर्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा) फोटो काढून ठेवा. अपडेटनंतर तीच रीडिंग पुन्हा घ्या. आकडे सुधारले तर प्रश्न सुटला. नाही सुधारले, तर ‘पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल’ या उत्तराला तोच दुसरा तक्ता जोडून पाठवा.